फदफद थांबली की

कलावतीबाईंच्या कुरडयांना नाव ठेवायची अख्ख्या इमारतीत कुणाची छाती नव्हती. कुरडया चांगल्या व्हायच्या हे खरंच, पण नुसत्या चांगल्या कुरडयांनी एवढा दरारा बसत नाही. डोंबिवलीतल्या त्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर दर चैत्रात बाई कमरेला पदर खोचून उभ्या राहिल्या, की बँकेत साहेबीण असलेली शेजारीणसुद्धा मुकाट्यानं गहू वाटायला बसायची. बाई शिकलेल्या दुसरी यत्ता. पण त्यांच्यापुढे कधी कुणाचं चाललंय, असं ना त्यांच्या मुलांना आठवत होतं, ना सुनांना.

चीक शिजवायचा त्यांचा एक नेम होता. भिजवून गाळलेल्या गव्हाचं सत्त्व उकळत्या पाण्यात ओतलं, की ते शिजून काचेसारखं होईपर्यंत गच्चीवर कुणी तोंड उघडायचं नाही. जुन्नरकडच्या सासूनं घालून दिलेला नेम. मुळात त्यात तथ्य होतं. बोलणाऱ्या बाईचा हात थांबतो, हात थांबला की गाठी होतात, आणि घट्ट चिकाखाली कोंडलेली वाफ एकदम उसळून अंगावर येते. पण वर्षं गेली तसं कारण झिजलं आणि नेम तेवढा उरला. तोही गच्चीवर थांबला नाही, जिना उतरून घरात आला. मोठी माणसं बोलत असताना लहानांनी बोलायचं नाही. पाहुण्यांपुढे सुनांनी बोलायचं नाही. जेवताना तर कुणीच नाही. बोलायचं ते बाईंनी. "आमच्या घरात कुणाचा आवाज म्हणून नाही हो," असं त्या मिरवून सांगायच्या, आणि ऐकणाऱ्या बायकांना हेवा वाटायचा.

यंदा घोटणी योगिनीच्या हातात होती. योगिनी थोरल्या मुलाची मुलगी, सत्तावीस वर्षांची. ज्वालामुखीतून निघणाऱ्या वायूंवर ती डॉक्टरेट करत होती. "माझी नात डोंगराची ढेकर मोजते," असं बाई इमारतभर सांगायच्या. तीन महिन्यांपूर्वी ती एका लांबच्या बेटावरून अचानक घरी आली. तिकडे कामावर काही अपघात झाला होता, एवढंच कळलं. तेव्हापासून पोरगी विचारलं तेवढंच बोलत होती. बाईंना वाटलं, चला, शहाणी झाली.

पातेल्यात फदफद सुरू झाली. योगिनी एका हातानं घोटत होती आणि दुसऱ्या हातातल्या फोनकडे सारखी बघत होती.

"आजी, एक विचारू?"

बाईंनी डोळे वटारले. बाकीच्या बायकांनी सोऱ्यांवर माना घातल्या.

"दुपारच्या आत उत्तर द्यायचंय गं. त्या अपघाताचा अहवाल आलाय. सगळ्यांनी सही करायची आहे. मला कळत नाहीये, करू की..."

"कुणी दिलाय कागद?" बाईंनी ओठातल्या ओठात विचारलं.

"रवींद्र सरांनी. आमचे मुख्य आहेत ते."

"वयानं केवढे?"

"साठीला आले असतील."

"मग वाचूनच दिला असेल ना त्यांनी? तू कोण लागून गेलीस तपासणारी? कर सही आणि हात हलव. खाली लागेल."

योगिनी क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिनं घोटणी पातेल्याला टेकवली आणि फोनवर बोटानं सही करून पाठवून दिली. फोन खाली ठेवला तरी तिचा हात काही घोटणीकडे गेला नाही. ती पातेल्याकडे बघत राहिली.

फदफद थांबली. बाईंची पाठ होती, पण त्यांचे कान पन्नास वर्षं त्या आवाजावर पोसलेले. त्या गर्रकन वळल्या. चिकावर पापुद्रा धरला होता, तुकतुकीत, शांत. मधोमध तो हळूहळू वर येत होता. बाईंनी पोरीचा दंड धरून तिला मागं खेचलं, आणि त्याच क्षणी पातेल्यातून हातभर उंच गोळा उसळला. त्यातला लपका बाईंच्या मनगटावर बसला.

"मेले, डोळे फुटले का तुझे?" नेम, बायका, सगळं विसरून बाई ओरडल्या. "फदफद थांबली की मागं सरायचं! सातव्या वर्षी शिकवलंय ना तुला? उकळतंय तोवर भ्यायचं नाही. शांत झालं की भ्यायचं!"

योगिनी गच्चीच्या कठड्याला टेकून खालीच बसली.

"मला माहीत होतं, आजी," ती म्हणाली. "तेव्हाही माहीत होतं."

तिच्या तोंडाकडे बघून बाईंनी मनगटाचा चीक पुसला, पातेलं साहेबिणीच्या हवाली केलं आणि पोरीला घेऊन खाली आल्या.

स्वयंपाकघरात मायानं, म्हणजे योगिनीच्या आईनं, सासूचा हात नळाखाली धरला. योगिनी ओट्याला पाठ लावून उभी राहिली आणि सांगायला लागली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच.

"त्या डोंगराच्या तोंडातून रोज गंधकाचा वायू निघतो. आम्ही लांबून यंत्र लावून मोजायचो. दिवसाला आठशे टन, नऊशे टन. धूर निघतोय म्हणून पाहुणे लोक घाबरायचे. आम्ही नाही घाबरायचो."

"का बरं? धूर दिसला तर शहाण्यानं पळावं."

"सुटतोय तोवर बरं असतं, आजी. खाली वितळलेला दगड असतो, त्यात वायू विरघळलेला असतो. दगडाचा रस वर यायला लागला की वरचं ओझं कमी होतं आणि वायूचे बुडबुडे सुटतात. रस पातळ असेल तर बुडबुडे निसटून जातात, मग तो नुसता ओघळतो. आमच्या डोंगराचा रस घट्ट होता."

"चिकासारखा."

"चिकासारखा. घट्ट रसात वायू अडकतो. तोंडाशी तो रस थिजला की बूच बसतं. मग आतल्या वायूनं जायचं कुठं?"

बाईंनी मान हलवली. यात न कळण्यासारखं काहीच नव्हतं. एवढ्याला पोरीनं आठ वर्षं कॉलेजं का घासली, असंही मनात येऊन गेलं.

"अपघाताच्या आधी दोन दिवसांत वायू घटला. आठशेचे सत्तर टन झाले. सकाळी सगळे बसलो होतो, बारा जण. सर म्हणाले, छान, डोंगर निवतोय, आता वर जाऊन तोंडाजवळच्या दुसऱ्या यंत्राची बॅटरी बदलून घेऊ."

"आणि ते बूच होतं."

"नेहमीच असतं असं नाही गं. कधीकधी खालचा रस खरंच संपतो आणि डोंगर खरंच निवतो. वायू घटला याचे दोन अर्थ निघतात. म्हणून दुसरी मापं बघायची असतात. जमीन फुगतेय का, बारीक थरथरतेय का. ती मापं माझ्याकडे होती. जमीन फुगत होती, आजी. दोन्ही दिवस. मी तो आकडा बघितलेला आणि मला डोळ्यापुढे तुझं पातेलं दिसलेलं. अगदी पापुद्र्यासकट."

"मग बोलली का नाहीस?" बाई कडाडल्या. "तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?"

"सर बोलत होते."

"मग?"

"मोठे बोलत असताना..." योगिनी म्हणाली आणि थांबली.

पुढचं वाक्य तिनं पुरं केलं नाही. करायची गरजही नव्हती. ते वाक्य बाईंचं होतं, रोजच्या वापरातलं.

नळाचं पाणी वाहत राहिलं. बाईंना एक जुनी गोष्ट आठवली, जी त्या स्वतःच चारचौघांत कौतुकानं सांगायच्या. धाकट्या लेकीच्या साखरपुड्यात, पाहुण्यांची पंगत बसलेली असताना, नऊ वर्षांची योगिनी मोठ्यानं म्हणाली होती, "आजी, लाडूंना वास येतोय." बाईंनी तिला उचलून बाल्कनीत नेऊन उभं केलं, ते पाहुणे जाईपर्यंत. तीन तास. लाडू खरंच खवट झाले होते. दुसऱ्या दिवशी टोपलंभर लाडू फेकले. पण ते बाई गोष्टीत कधी सांगत नसत. गोष्ट एवढीच, की तेव्हापासून पोरगी पाहुण्यांत अवाक्षर बोलली नाही.

"कोण गेलं होतं वर?" बाईंनी विचारलं. आवाज आपोआप खाली आला होता.

"आनंद. आमचा यंत्रं सांभाळणारा. आपल्या खडवलीचाच आहे. साडेनऊला तोंडाजवळ पोचला आणि बूच उडालं. तापलेले दगड, राख... जगला तो. उजवा हात भाजला, दोन बोटं काढावी लागली. उजवा डोळा गेला."

मायानं तोंडाला पदर लावला.

"आणि कागदात काय लिहिलंय?"

"स्फोटापूर्वी कोणतीही पूर्वसूचना मिळाली नव्हती."

"आणि तू त्याच्यावर सही केलीस?"

योगिनीनं आजीकडे सरळ बघितलं. त्या नजरेत राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं. रागाला उत्तर देता येतं.

"तू सांगितलंस म्हणून," ती म्हणाली.

बाईंनी मनगटावर ओलं फडकं गुंडाळलं.

"चप्पल घाल. खडवलीला जायचं."

"आई, अहो, तिला विचारा तरी," माया म्हणाली. तीस वर्षांत सासूच्या बोलण्यावर ती पहिल्यांदाच काही बोलली होती. बाईंच्या ते ध्यानातही आलं नाही.

"विचारायचं काय त्यात? आपल्याला कळलेलं आपण गिळलं, तर ते त्या पोराच्या घरी जाऊन ओकायचं. चल."

दुपारी दीडच्या सुमाराला त्या दोघी खडवलीत आनंदच्या दारात उभ्या राहिल्या. घर कौलारू, ओटा सारवलेला. आनंदची आई तुळसा सुपात तांदूळ पाखडत होती. फोटोत पाहिलेल्या योगिनीला ओळखून ती घाईघाईनं उठली.

"या मॅडम, या! आनंदा, तुझ्या मॅडम आल्यात बघ. आणि या आजी का? बसा आजी, उन्हातानाच्या आलात."

आनंद आतून आला. तिशीचा दणकट गडी. उजव्या डोळ्यावर काळी काच, हात कोपरापर्यंत पट्टीत. डाव्या हातानं त्यानं नमस्कारासारखं काहीतरी केलं. तुळसानं पाणी दिलं, चहा टाकला. दर मंगळवारी त्याला ठाण्याला नौपाड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावं लागतं, गावात सगळे पुसतात, कुणी म्हणतं डोंगरावरच्या देवीचा कोप झाला, असं सगळं ती सांगत राहिली. "तुमच्या सरांचा फोन आलेला. म्हणाले, कुणाच्याच हातात नव्हतं. आता निसर्गापुढं कुणाचं चालतंय मॅडम?"

योगिनीनं तोंड उघडलं. शब्द जुळवायला तिला वेळ लागत होता. ओठ हलले, थांबले, परत हलले. तेवढा वेळ जर बाईंनी दिला असता! पण समोर कुणी अडखळलं की वाक्य त्याच्या हातून काढून घ्यायचं आणि आपण पुरं करायचं, हे त्यांच्या हाडीमासी खिळलेलं. त्यात चहा देणाऱ्या बाईपुढे नात मुकी ठरतेय, हेही त्यांना सोसेना.

"अहो, निसर्ग कसला घेऊन बसलात," बाई म्हणाल्या. "माझ्या नातीला आधीच कळलं होतं. त्या साठ वर्षांच्या सराला नाही कळलं, ते हिनं ओळखलं होतं दोन दिवस आधी. लहानपणापासून हुशारच आहे ती."

बोलून झालं आणि मग त्यांना आपण काय बोललो ते ऐकू आलं.

तुळसाच्या हातातली बशी तशीच राहिली.

"कळलं होतं?" ती योगिनीकडे वळली. "मॅडम, कळलं होतं तुम्हाला? मग माझ्या पोराला सांगितलं का नाय?"

"आई," आनंद म्हणाला.

"तू थांब! मी मॅडमना विचारते."

"वाटलं होतं," योगिनी म्हणाली. आता ती अडखळत नव्हती. अडखळायला जागाच उरली नव्हती. "पक्कं कळलं नव्हतं, पण वाटलं होतं. जमीन फुगत होती, तो आकडा माझ्याकडे होता. मी बैठकीत बोलले नाही. आणि आज सकाळी, काहीच सूचना नव्हती अशा कागदावर मी सही केली."

मग आनंदच बोलला, हळू.

"मॅडम, निघताना मी तुम्हाला विचारलेलं. आठवतंय? बॅग पाठीला लावत होतो. म्हटलं, मॅडम, आज यंत्र एवढं कमी दाखवतंय, वर जाऊ ना? तुम्ही म्हणालात, सरांना विचार."

"आठवतंय."

"मी सरांना नाही विचारलं. म्हटलं, एवढ्या मोठ्या माणसाला काय परत परत विचारायचं. गेलो." तो हसल्यासारखं करून म्हणाला, "म्हणजे तुम्ही नि मी एकाच शाळेतले."

त्या शाळेची मास्तरीण समोरच बसली होती. कलावतीबाईंनी पदर नीट केला, परत केला.

"तुळसाबाई, तिचा दोष नाही," त्या म्हणाल्या. "तिला गप्प बसायला मी शिकवलं. मोठ्यांपुढं बोलायचं नाही, हे मी तिच्यात घोटून घोटून उतरवलं. आणि आजची सही पण माझ्या सांगण्यावरून झाली. काय बोलायचं ते मला बोला."

अशी कबुली बाईंनी नवऱ्यापुढेही कधी दिली नव्हती. आतून कुठंतरी त्यांना वाटत होतं, की एवढं नमतं घेतल्यावर समोरची बाई हात धरील, म्हणेल, जाऊ द्या आजी, तुमचा काय इलाज.

तुळसानं हात धरला नाही.

"तुम्हाला बोलून काय करू?" ती म्हणाली. "तुमच्या घरात तुम्ही काय शिकवलं, त्याचं मला काय? तुमच्या घरातलं सगळं तुमच्यापाशी राहिलं. डोळा आमच्या घरातला गेला." आणि सूप उचलून ती आत गेली. तांदूळ पाखडायचा आवाज आतून येत राहिला, जरा जास्तच जोरात.

बाईंनी मान खाली घातली.

"मॅडम," आनंद योगिनीला म्हणाला, "मला तुमचा राग येतो. येणार. खोटं कशाला बोलू? पण एक करा. तिथं आता माझ्या जागी दुसरा कुणीतरी बॅटरी बदलायला जाईल. तुमच्या सरांचा कागद वाचूनच जाईल. त्यात लिहा ना, वायू घटला तर वर जायच्या आधी जमिनीचं माप बघा म्हणून. एवढी एक ओळ."

"सही करून बसलेय मी. आता उलटं लिहायचं म्हणजे आधीचं खोटं होतं असं लिहावं लागेल. कदाचित मला काढतील तिथून."

"हो," आनंद म्हणाला. "काढतील."

निघताना तुळसा बाहेर आली नाही. एरवी परक्याच्या दारातूनही 'परत या' ऐकल्याशिवाय बाई उठल्या नव्हत्या. आज तसंच उठावं लागलं.

स्टेशनवर परतीच्या गाडीला पाऊण तास होता. फलाटावर ऊन पसरलेलं, एका बाकावर थोडी सावली. योगिनीनं फोन काढला आणि सरांच्या पत्राला उत्तर लिहायचं पान उघडलं. रिकाम्या पानाकडे ती बघत बसली. बाई शेजारी. मनगटावरचा फोड आता चांगलाच टरारला होता, पण त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. सकाळपासूनचं एकेक उलगडत होतं. मायाचं ते "तिला विचारा तरी" त्यांना आत्ता कुठे ऐकू आलं. किती वर्षं कोण कोण काय काय म्हणालं असेल, म्हणणार असेल, आणि आपण त्या शांतपणाला शिस्त समजत बसलो. मुलं फोनवर "बरं, आई" एवढंच म्हणतात. सुना "हो, आई" म्हणतात. केवढा मोठा मान, असं वाटायचं.

"आजी," योगिनी म्हणाली, "सुरुवात कशी करू गं? सांग ना. सही मागे घेते म्हणून लिहू, की आधी आकडे देऊ?"

बाईंच्या जिभेवर वाक्य तयार होतं. एक नव्हे, तीन. सराला कसं ठणकावायचं, आकडे कुठं घालायचे, शेवटाला कोणता टोला हाणायचा, सगळं. पोरगी मान वर करून बघत होती, सातव्या वर्षी बघायची तशी.

"मला विचारू नकोस," बाई म्हणाल्या.

"अगं, पण..."

"लिहू नकोस असं नाही म्हणत मी. लिहायचं का नाही, तेही मला विचारू नकोस."

योगिनी थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं मान खाली घातली. बोटं फोनवर टेकली, थांबली, काहीतरी खोडलं, पुन्हा टेकली. तिला फार वेळ लागत होता.

कलावतीबाई उठल्या, पदर डोक्यावर ओढला आणि भर उन्हातून चालत फलाटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. जवळ बसल्या असत्या, तर बोलल्या असत्या.